पोलीस येईपर्यंत हात लावू नका

बाबा, म्हणजे माझे सासरे, आखातात, हमरियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवून झोपले ते उठलेच नाहीत. मी चहासाठी उठवायला गेले तर हात गार लागला. ते आणि आई, माझ्या सासूबाई, व्हिजिट व्हिसावर आले होते. नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात, निझवाला गेलेला.

खालच्या क्लिनिकमधले डॉक्टर वर आले. तपासून म्हणाले, "गेलेत. पण सर्टिफिकेट मला देता येणार नाही. घरात अचानक झालंय, पोलिसांना कळवावंच लागेल. तोवर कशाला हात लावू नका." फोनही त्यांनीच केला.

दोन पोलीस आले. एक बाबांच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसला. आईंना बाबांच्या तोंडात गंगाजल घालायचं होतं. निदान चष्मा तरी काढू द्या, असं त्या मला सारखं सांगत होत्या. मी हिंदीत विचारलं. "अभी नहीं, सिस्टर," तो हळू आवाजात म्हणाला. आमचे पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात. आम्ही दोघी आमच्याच हॉलमध्ये सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसलो. पाणी प्यायला उठतानाही मी परवानगी मागितली.

"खाने के बाद कुछ तकलीफ बोला?" दुसऱ्याने विचारलं.

बोलले होते. छातीत जळजळतंय म्हणाले, आणि मी ॲसिडिटीची गोळी देऊन "जरा पडा" म्हटलं होतं. आई तेव्हा आंघोळीला गेल्या होत्या. आता त्या माझ्या खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या, आणि हिंदी त्यांना बोलता येत नसली तरी चांगली समजत होती. मी खरं ते सांगितलं. पोलीस लिहीत राहिला. आईंकडे बघवेना.

मग त्याच म्हणाल्या, "त्याला सांग, दुखत सकाळपासूनच होतं. सुनेला बोलू नकोस म्हणाले, ती उगाच हॉस्पिटलात नेईल. मी गप्प बसले."

हे हिंदीत सांगताना मी दोनदा अडखळले.

नवरा पोचला तोवर बाबांना तपासणीसाठी नेलं होतं. हृदयविकाराचा झटका, असा कागद यायला पाच दिवस गेले. ते पाच दिवस आम्ही तिघं त्या फ्लॅटमध्ये होतो आणि त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो विचारायचा, "काहीच त्रास नव्हता का गं त्यांना?" मी स्वयंपाकघरात जायचे.

आईंनी त्याला सांगितलं ते गावी, दहावं झाल्यावर. महिनाभर तो आम्हा दोघींशीही कामापुरतंच बोलला.