कॉर्पोरल दाऊदची जर्सी

झैन, आलिया, तुम्ही फोनवर विचारलंत, "दादी, वेअर यू अ रिअल सोल्जर?" हो, होते. आधी आपल्या आर्मीत नर्सिंगमध्ये लेफ्टनंट. मुदत संपल्यावर मी शारजाच्या ब्रिटिश छावणीतल्या हॉस्पिटलात पोस्टिंग घेतलं. साठच्या दशकातली गोष्ट. यूएई हे नाव तेव्हा नव्हतं आणि बाजारात रुपयेच चालत. वॉर्डात बारा खाटा, एक इंग्रज मेजर डॉक्टर आणि मी. साडेपाचला चादरी मोजायच्या, सहाला औषधं द्यायची.

त्या डिसेंबरात अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर कॉर्पोरल दाऊद खाडीवरून एक टोपली घेऊन आला. हा आपल्या मुरूडचा. टोपलीत चिंपांझीचं मादी पिल्लू होतं, झांजिबारच्या गलबतातून आलेलं. आईला गोळी घालून धरलं होतं. दंडात छरे, वजन आठ पौंड.

मेजर म्हणाले, "सिस्टर, मोंबासाची बोट सहा आठवड्यांनी आहे. तिकडे अशी अनाथ पिल्लं सांभाळणारा माझा मित्र आहे. तोवर ही वाटीतून स्वतः खायला लागली, तर पाठवू. नाहीतर इंजेक्शन."

खाटा बारा, म्हणून रजिस्टरात मी तिला 'पेशंट तेरा' लिहिलं. छरे मी काढले. जुलाब मी थांबवले. दर तीन तासांनी पावडरचं दूध मी पाजलं. पण संध्याकाळी पाचला दाऊदचे बूट वाजले, की ती माझ्या हातातली बाटली ढकलून त्याच्या छातीला चिकटायची. तो तिला मुन्नी म्हणायचा.

"मुन्ने, सिस्टरबायला सलाम ठोक. त्यांना टाइमटेबल पायजे, तुला मिठी पायजे. दोघींमधे मी मेलो!"

वॉर्ड हसायचा. मी चार्ट भरत राही.

झोपताना तिला त्याची जुनी लोकरी जर्सी लागे. जर्सीला डिझेलचा आणि घामाचा वास होता. मला त्या जर्सीचाही राग यायचा.

जानेवारीत दाऊदला रास अल खैमाच्या डोंगरातल्या पोस्टवर पाण्याचा ट्रक चालवायला दहा दिवसांसाठी पाठवलं. तो गेला त्याच सकाळी मी जर्सी कार्बोलिक साबणात उकळून काढली. लिनन बुकात नोंद केली : जर्सी, एक, अस्वच्छ. वॉर्डाचा तसा नियम होता. पण मी नियमासाठी धुतली नव्हती.

वाळलेली जर्सी मुन्नीने हुंगली आणि टाकून दिली. मग दूध बंद, केळं बंद. भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. तिसऱ्या दिवशी वजन सात पौंड. बोट बारा दिवसांवर आली होती. मेजर म्हणाले, "उद्यापर्यंत बघू. नंतर तिचे हाल नकोत."

दुपारी दोनला मी सिग्नल रूममध्ये गेले.

"पोस्ट फोर, कॉर्पोरल दाऊदला बोलवा. ओव्हर."

"दाऊद बोलतोय. काय झालं? ओव्हर."

"मुन्नी खात नाही. मी जर्सी धुतली. ओव्हर."

मी तिला पहिल्यांदाच मुन्नी म्हटलं होतं.

"ओ बाय, तिची आईच धुऊन टाकलीत की! अंगातला शर्ट काढून रेशनच्या गाडीनं धाडतो. धुऊ नका. ओव्हर."

"नाही धुणार. आउट."

शर्ट सव्वासातला पोचला. मुन्नी त्यात शिरली, पण दूध घेईना. शेवटी मी तो युनिफॉर्मवर चढवला. ती छातीला चिकटली आणि चमचा चमचा दूध प्यायली. इतके दिवस मला हेच हवं होतं. पण ती माझ्याकडे आलेलीच नव्हती.

दुसऱ्या सकाळी डोंगरात पाऊस झाला. दहा चाळीसला मेसेज आला : वादीला (डोंगरातल्या कोरड्या ओढ्याला) पूर, पाण्याचा ट्रक वाहून गेला, ड्रायव्हर मिसिंग. ड्रायव्हर दाऊद होता. चार वाजता तो सापडला. मयताला गुस्लची आंघोळ घातली, आणि सूर्यास्ताच्या, मगरिबच्या नमाजाआधी त्याला दफन केलं.

मी रोज तो शर्ट घालत होते. बोटीच्या दोन दिवस आधी मुन्नीने वाटी स्वतः तोंडाला लावली. मेजरनी तिला पाठवायच्या कागदावर सही केली.

दाऊदचं सामान त्याच्या आईला पाठवायचं होतं. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. बूट, कंगवा, टोपी, जर्सी एक. शर्ट मी लिहिला नाही. सर्व्हिसमध्ये खोटी केलेली माझी ती एकच यादी.

मुन्नी बोटीवर गेली ती शर्ट कवटाळून. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, आणि मेलेल्या माणसाचा हेवाही वाटला.

कॉर्पोरल दाऊद, ड्रायव्हर, राहणार मुरूड, वय अठ्ठावीस. फातिहा पढाल तेव्हा त्याचं नाव घ्या, आणि त्याच्या आईसाठीही दुआ मागा. तिला कार्बोलिकचा वास येणारी जर्सी मिळाली. तिच्या मुलाचा वास मी मोंबासाला पाठवून दिला होता.