ही मेंढरं कुणाची?

माझी मैत्रीण एखाद्या पोराच्या नादाला लागून मला विसरली असती, तर मी समजून घेतलं असतं. त्यावर आमच्याकडं उपाय होते. पण तिला माझ्यापासून ओढून नेलं ते कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या परदेशी माणसांनी, आणि तेही एका खेळात. त्याचा मला तेव्हा संताप आला होता आणि आजही येतो. मत्सर म्हणा हवं तर. मी नाकारत नाही, आणि त्याबद्दल कुणाची माफीही मागणार नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दोघी बारामतीला कॉलेजात. मी कळंबची, ती इंदापूरची. तिच्या अब्बांचं तिथं बांगड्यांचं दुकान. कॉलेज दुपारी सुटायचं आणि कळंबवरून इंदापूरला जाणारी गाडी दिवस कलायला लागल्यावर. मधल्या तीन तासांत मुलींनी करायचं काय? स्टँडवरच्या बाकड्यावर बसून टवाळ पोरांची शेरेबाजी ऐकायची? आणि घरी पोचायला अंधार झाला म्हणून पुन्हा बोलणी कुणी खायची? मुलींनीच! हे आम्ही पत्रकांवर छापून वर्षभर वाटत होतो. मजकूर माझा, घोषणा माझ्या, स्टुलावर चढून बोलणारी मी. ती गठ्ठे सांभाळायची. कुठल्या पोरीचा बाप तापट आहे, कुणाला पत्रक हातात द्यायचं आणि कुणाला पुस्तकात दडवून, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं असायचं. सभेत मात्र ती एक शब्द बोलली नाही. "तू बोल की. मी हाय न्हवं मागं," म्हणायची. मला ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

मग जळोचीच्या रस्त्याला एका सरांनी आपल्या घराच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास काढला. ते तीन तास वाया घालवण्यापेक्षा काहीतरी शिकू म्हणून तिनं नाव घातलं. मीच म्हटलं होतं, घाल. महिन्याभरात ती पत्रकं वाटायला उशिरा यायला लागली. नंतर येईनाशी झाली. एका दुपारी मी सरळ माडीवर चढले.

सर खाली जेवत होते. खोलीत ती एकटीच, आणि पडद्यावर काळ्या पाटीवर पांढरी इंग्रजी अक्षरं सरसर वर चढत होती. ती न बघता टाइप करत होती.

"काय चाललंय ह्ये?"

"खेळ हाय."

"कुणाशी? हितं तर कुणी न्हाय."

"तितं हायत की. कोण लंडनचं, कोण कॅनडाचं. फोनच्या तारेतनं समदी एका जागी येत्यात. आत्ता पुलावर उभी हायत माझ्यासाठी."

या खेळात चित्र नव्हतं. सगळं शब्दांत. एक जुन्या काळातला मुलूख, त्यात राक्षस, जादूगार, किल्ले. आणि जगभरची माणसं आपापल्या घरी बसून त्या मुलखात एकाच वेळी फिरतात. माझी मैत्रीण तिथं चिलखत घातलेली सरदारीण होती. तिनं दोन ओळी लिहिल्या, अमक्यांनी डावीकडून जा, तमक्यांनी दार धरा. लगेच खालून ओळींमागून ओळी आल्या: होय कप्तान. होय कप्तान. होय कप्तान.

ज्या बाईनं माझ्या सभेत साधे आभार मानायला तोंड उघडलं नव्हतं, तिचं ऐकायला पंधरा-वीस गोरी माणसं पुलावर रांगेत उभी होती! आवाज होता म्हणजे तिच्याकडं. तो मला सोडून सगळ्यांसाठी होता.

"मलाबी शिकीव," मी म्हटलं.

"व्हय? खरंच?" ती इतकी खूश झाली की मला अजूनच राग आला. तिनं मला शेजारच्या मशीनवर बसवलं.

खेळानं आधी नाव विचारलं. मग विचारलं, तू कोण? माणूस, बुटका, की लांब कानाचा रानातला?

"जात इचारतोय व्हय ह्यो?"

"जात न्हाय गं. जमात."

"म्हंजे जातच की! बुटक्याला काय येतं, लांब कानवाल्याला काय येतं, ह्ये जन्मायच्या आधीच ठरवून ठिवलंय. ह्याचा निषेध—"

"निषेध नंतर कर. आदी एक नंबर दाब."

मी माणूस झाले. मग पडद्यावर आलं: तू एका माळावर उभी आहेस. उत्तरेला गावाची वेस आहे. इथे मेंढ्या चरत आहेत.

"हां. आता मार," ती म्हणाली.

"काय मारू?"

"मेंढरू. मार असं लिहायचं आन फुडं मेंढराचं नाव. धा-बारा मारलीस की तुझी पातळी वाढती. मग पुलाकडं येता येतं तुला. समदी नवी माणसं हितनंच सुरू करत्यात."

मी बोटं उचलून घेतली. "कुणाची हायत?"

"काय कुणाची?"

"मेंढरं."

आमच्या घरात आबांपर्यंत, म्हणजे आजोबांपर्यंत, मेंढरं होती. कळप घेऊन आबा सुप्याच्या माळापर्यंत जायचे. तात्यांनी, माझ्या वडिलांनी, कळप विकून शेती धरली, तरी लहानपणी आमच्या कानावर पडलं ते आबांचंच. माळावर धन्याविना कळप दिसला तर तसंच पुढं जायचं नाही. हाळी द्यायची. धनी पाण्याला गेला असेल, झाडाखाली तापानं पडला असेल. तो येईपर्यंत आपलं काम टाकून मेंढरांपाशी थांबायचं, लांडग्याकडं लक्ष ठेवायचं. उद्या आपल्या मेंढरांपाशी दुसरा कुणी असाच थांबलेला असतो. कळप म्हटला की धनी असतोच. बिनधन्याचा कळप ही गोष्टच मला माहीत नव्हती.

"ह्यास्नी धनी न्हाय," ती म्हणाली. "खेळातली हायत."

"आसं कसं? हाळी द्यायची कशी, ते सांग."

तिनं सांगितलं. तिनं हे सांगितलं नाही की तिथली हाळी सबंध मुलखाला ऐकू जाते. मी इंग्रजीत लिहिलं: ही मेंढरं कुणाची आहेत? धन्यानं पुढं यावं. आणि पत्रकाच्या सवयीनं वर 'बंधू आणि भगिनींनो' सुद्धा घातलं.

खाली हशाच्या ओळी लागल्या. एकानं लिहिलं, माझ्या ताटातली आहेत. दुसऱ्यानं विचारलं, भगिनी, तू वकील आहेस का? मी चिडून वेशीपाशी गेले आणि पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ये प्रवासी, तुझं स्वागत असो. पुन्हा विचारलं. ये प्रवासी, तुझं स्वागत असो. तिसऱ्यांदाही तेच.

"ह्यो तर आपल्या स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीतला माणूस दिसतोय!"

"अगं, त्यो माणूस न्हाय, मशीन हाय," ती पोट धरून हसत होती.

तेवढ्यात तिच्या पडद्यावर तिच्या टोळीतल्या कुणीतरी विचारलं, कप्तान, ही येडी कोण? मी वाकून पाहिलं. तिनं उत्तर दिलं: नवीन आहे.

नवीन आहे! वर्षभर एका सीटवर दोघींनी मांडीला मांडी लावून प्रवास केला, तिच्या घरची ईद आणि माझ्या घरची जत्रा एकमेकींशिवाय झाली नाही. मैत्रीण आहे, असं लिहायला बोटं झिजली असती का?

त्यानंतर मी रोज जायला लागले. पत्रकं मी सकाळीच वाटून टाकायचे. मेंढरू मारायचं नाही यावर मी ठाम होते, त्यामुळं माझी पातळी काही वाढली नाही, आणि पातळी नाही म्हणून पुलावरचा शिपाई मला पलीकडं सोडेना. ती पुलापलीकडं, तिच्या लोकांत. मी अलीकडं, माळावर. दोघींच्या खुर्च्या मात्र एकमेकींना खेटून. इतक्या जवळून एखाद्या माणसाचा हेवा करायची पाळी कुणावर येऊ नये.

अशात मी स्टँडवर धरणं ठरवलं. गुरुवारी, कॉलेज सुटल्यावर, गाडी मिळेपर्यंत. तिला सांगितलं.

"गुरुवारीच का?"

"का, काय हाय गुरुवारी?"

"आमी खेळात ड्रॅगनवर चालून जाणार हाय. सगळे जमणार हायत."

आमी! वर्षभर तिच्या तोंडचं 'आमी' म्हणजे आम्ही दोघी होतो.

"म्हंजे तू येणार न्हाईस."

तिनं बोटानं टेबलावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "एक सांगू? गाडी मिळाली की माझा क्लास बंद. अब्बा म्हणणार, आता गाडी हाय ना, सरळ घरी ये."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ज्या तीन तासांविरुद्ध आम्ही लढत होतो, तेच तीन तास तिला हवे होते. माझी मागणी मान्य झाली तर तिचा मुलूख जाणार होता, ती पंधरा-वीस माणसं जाणार होती. आणि मला बरं वाटलं. गाडी मला आधीही हवी होती. त्या दिवसापासून ती दुपटीनं हवी झाली.

"गुरुवारचं बघते," एवढंच ती म्हणाली.

गुरुवारी मुली बऱ्याच आल्या. आम्ही गाड्या बाहेर पडायच्या फाटकात बसलो. मी स्टुलावर. घोषणा दणक्यात चालल्या होत्या, पण गाड्या मागच्या फाटकानं निवांत निघून चालल्या होत्या, आणि आमच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. ऊन लागायला लागलं तशा दोघी-तिघी उठल्या. "पाणी पिऊन येतो," म्हणाल्या, आणि त्या परत येणार नाहीत हे मला दिसत होतं. माझा आवाज बसला होता. ती आली नव्हती.

आणि मग ती आली. धावत, ओढणी सावरत. फाटकात थांबून तिनं एकदा सगळ्या स्टँडवरून नजर फिरवली. मग काडीचाही आवाज न चढवता म्हणाली, "तुमी चौघी मागच्या फाटकात बसा. तुमी दोघी चौकशीच्या खिडकीपाशी उभ्या ऱ्हावा, भांडू नका, नुसत्या उभ्या ऱ्हावा. ए, तू पाण्याचा तांब्या घिऊन हिकडून तिकडं फीर. हितली मी बघते."

पुलावर ती असंच बोलायची. मुली उठल्या आणि गेल्या. एकीनंही 'का' विचारलं नाही. मला तर दर खेपेला विचारायच्या! थोड्याच वेळात स्टँडवरून एकही गाडी हलेना. भरलेल्या गाड्यांतले लोक खिडक्यांतून ओरडायला लागले, "ओ साहेब, द्या की पोरींना त्यांची गाडी! आमाला घरी जायचं हाय!"

डेपोचे साहेब बाहेर आले. "तुमची पुढारी कोण?"

मी स्टुलावर उभी होते. सगळ्यांच्या वर. आणि सगळ्या मुलींनी तिच्याकडं बघितलं.

"कॉलेज सुटल्यावर एक गाडी पायजे साहेब, इंदापूरला, कळंबवरनं," ती म्हणाली. "बाकी काय न्हाय."

साहेबांनी अडलेल्या गाड्यांकडं पाहिलं. "आजच सोडतो. रोज सोडतो. उठा आता."

माझ्या वर्षभराच्या घोषणा एका बाजूला आणि तिचं हे एक वाक्य एका बाजूला. मुली तिच्या पाठीवर थापा मारत होत्या. मी स्टूल उचललं.

ती माझ्याजवळ आली. "झालं न्हवं? मी जाऊ?"

"कुठं?"

"लढाई अजून चालू आसंल." आणि जळोचीच्या रस्त्यानं पळत सुटली.

आमची गाडी फलाटाला लागली. मुली आत चढून मला हाका मारत होत्या, "ए, ये की, खिडकीची जागा धरलीया तुला!" माझा एक पाय पायरीवर होता. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर. जिच्यासाठी घसा फोडला ती गाडी.

"जावा तुमी," म्हटलं आणि पाय खाली घेतला.

माडीवर पोचले तेव्हा तिची लढाई ऐन रंगात होती. मी शेजारच्या मशीनवर बसून माझ्या माळावर गेले. ती ओठ दाताखाली धरून टाइप करत होती. एकाएकी तिचे हात थांबले.

"मेले," ती म्हणाली.

त्या खेळात मेलेलं माणूस पुन्हा पहिल्या माळावर उठतं. चिलखत नाही, तलवार नाही. माझ्या पडद्यावर ओळ उमटली: तिचं नाव, आणि माळावर आली आहे. तिथं दुसरं कुणीच नव्हतं. तिची सगळी माणसं पार तिकडं डोंगरात. माळावर आम्ही दोघी आणि मेंढरं.

तिचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं, तरी ती बोलली नाही. तिनं लिहिलं, इंग्रजी अक्षरांत आपलं मराठी: तू हितं काय करतीस?

मी लिहिलं: मेंढरं राखतीय. धनी आला न्हाय अजून.

ती खुदकन हसली. माळावर काही वेळ माझ्यापाशी उभी राहिली. मग तिच्या पडद्यावर हाका सुरू झाल्या. कप्तान, ये. कप्तान, दार सुटतंय.

"जाते गं. समदी मरतील तिकडं."

"जा."

"थांबतीस?"

"थांबते. गाडी तर गेली."

तिनं चमकून माझ्याकडं पाहिलं, पण बोटं चालूच होती. माझ्या पडद्यावर आलं: ती उत्तरेकडे गेली.

तेवढ्यात माळावर एक नवीन नाव उगवलं. ताजा आलेला असणार; मी पहिल्या दिवशी चाचपडले तसाच एकेक ओळ चाचपडत होता. कुणीतरी त्याला शिकवलेलं असावं, कारण त्यानं तलवार काढली आणि मेंढराकडं वळला.

मी लिहिलं: हात लावायचा नाही.

त्यानं विचारलं: का? तुझी आहेत का?

मी लिहिलं: हो. माझी आहेत.

शेजारून तिनं मान वळवून माझा पडदा वाचला. "तू कवा धनी झालीस गं?"

"आत्ताच," मी म्हटलं. "तू तुझ्या माणसांचं बघ."