शिंजीर आणि मागची मंडळी

आमच्या घरच्या सगळ्या माणसांचा एकत्र असा एकच फोटो आहे आणि त्यात एकही माणूस ओळखू येत नाही. तो मी काढला आहे.

तसा आमच्या निमोणे गावात फोटोग्राफर म्हणून मला मान आहे. रांजणगावच्या कंपनीत पाळी करायची आणि सुट्टीला बांधावर पालथं पडून पाखरं टिपायची, हा माझा नाद. (झुडपामागं दबा धरलेला माणूस बघून गावकरी भलताच समज करून घेतात, ते सोडा.) पाखरू जेवढं लहान, तेवढी लेन्स मोठी लागते. म्हणून कॅमेऱ्याबरोबरची छोटी लेन्स मोडीत देऊन मी दुधाच्या किटलीएवढी लेन्स घेतली होती.

धाकट्या बहिणीचा, मनीषाचा साखरपुडा ठरला, तेव्हा फोटोग्राफर सांगायला निघालेल्या वडलांना, आबांना मीच अडवलं. घरात एवढी लेन्स असताना बाहेरचा माणूस कशाला!

समारंभ घरातच होता. मी कॅमेरा लावला आणि आत नुसती आबांची मिशी मावली. मागं सरकलो, तर नवऱ्या मुलाचा एक कान आला. आणखी मागं सरकत चुलीपर्यंत गेलो, तेव्हा कुठं त्याच्या आईची अख्खी नथ मिळाली. नवऱ्याकडची दौंडची मंडळी माझ्याकडं जरा काळजीनंच बघत होती.

जेवणं झाल्यावर मनीषा हळूच म्हणाली, "भाऊ, एक फोटो सगळ्यांचा काढ. मला घिऊन जायाचाय."

तिचं मागणं साधं होतं, पण आमच्या घरात अवघड. थोरला दादा कुरकुंभला पाळीवर, मी रांजणगावला. सणालाही एक जण घरी असतो आणि दुसरा कंपनीत. सगळे एका ठिकाणी त्या दिवशीच होतो आणि दादाला दुसरी पाळी गाठायची होती.

बायकोनं मोबाइल पुढं केला. मी म्हणालो, मोबाइलच्या फोटोत जीव नसतो. हे वाक्य ती अजून विसरलेली नाही.

मंडळी अंगणात उभी केली आणि मी मागं चालायला लागलो. गोठा झाला, कांदा झाला, तरी एका टोकाला आत्या आणि दुसऱ्या टोकाला व्याही बाहेरच राहत होते. शेवटी बांधावरच्या रुईपाशी पोचलो, तेव्हा सगळे मावले. पण माझा आवाज तिकडं पोचेना. दादाला फोन लावला आणि त्याच्याकरवी एकेकाला डावीउजवीकडं सरकवलं. डोळ्यांवर ऊन घेत सगळे ताठ उभे राहिले.

मी बटणावर बोट ठेवलं आणि समोरच्या रुईच्या फुलावर शिंजीर येऊन बसला.

नर होता. काळा दिसणारा, पण ऊन पडलं की जांभळा-निळा चमकणारा. किती रविवार मी त्याच्यासाठी त्याच रुईसमोर काढले होते आणि तो कधी क्षणभर टिकला नव्हता. आज तो निवांत मध पीत होता. कॅमेरा मी पाखरांचा डोळा शोधायला शिकवून ठेवलेला, त्यानं आपणहून तो धरला. माझं बोट तर त्याच्याही आधी दबलं होतं.

फोटो बघत, खूश होत मी रमतगमत परतलो. अंगणात पोचलो, तर दादाची गाडी निघून गेली होती आणि दौंडची मंडळी जीपमध्ये बसत होती.

मनीषानं कॅमेऱ्यात डोकावून बघितलं. पाखराच्या मागं रंगांचे डाग होते फक्त. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लग्नानंतर दौंडला तिच्या घरी गेलो, तर भिंतीवर तोच फोटो, मोठा करून लावलेला. सासरच्या माणसांना ती बोट ठेवून सांगते, हा पांढरा म्हणजे आबा, तो निळा दादा, हिरवी आई. एकही डाग चुकत नाही. मला भरून आलं.

आबाही सोबत होते. चहा पिता पिता तिथं आलेल्या एका पाहुण्यानं त्यांना विचारलं, ह्यात तुमचा धाकटा कुठला?

"त्यो न्हाई त्यात," आबा म्हणाले. "त्यो पाखराकडं बघत व्हता."

पाखरू मात्र पीस न् पीस स्पष्ट आलंय.