आठ मात्रांची घाई

दामूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुळिंजच्या घरात, हळदी-लग्नांत वाजवतो तो की-बोर्ड पुसत बसलो होतो. मनात पहिलं आलं ते हे, की आता ते गाणं कधीच दुरुस्त होणार नाही. रडू नंतर आलं. सख्खा मामा गेल्यावर हा कसला विचार, असं कुणी म्हणेल. पण महिना होऊन गेला तरी तो हटत नाही.

ऐन पंचविशीत मामाने मुंबईला जाऊन एकच गाणं रेकॉर्ड केलं. गिटार, बोंगो, ढोलक, आणि खाडीपलीकडच्या मुलीला घातलेली साद. सुरुवातीच्या संगीतानंतर नुसत्या ढोलकावर सोळा मात्रा थांबायचं आणि मग गायचं, असं ठरलेलं. स्टुडिओतला लाल दिवा लागला आणि हा गडी घाबरून आठ मात्रांनंतरच सुरू झाला! वादकांनी सांभाळून घेतलं, पुन्हा घ्यायला वेळ नव्हता, तबकडी तशीच निघाली... आणि आमच्याकडच्या प्रत्येक हळदीत वाजायला लागली. पुढे एका कॅसेटवाल्या गायकाने ते गायलं, मग डीजेचं रिमिक्स आलं, परवापरवा एका मुलीने युकुलेलेवर म्हटलं. सगळ्यांनी ती चूकसुद्धा इमानेइतबारे उचलली. त्या घाईतच तर मजा आहे, असं लोक म्हणत. मामा मात्र प्रत्येक वेळी मान खाली घालायचा. "माजी चूक गातात रं सगली. गानं कोनीच गात नाय."

माझ्या मुलीच्या, प्राचीच्या हळदीत तो हट्टालाच पेटला. हृदय थकलेलं, डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केलेली. मामी माझ्यावर उखडली, "तुज्या बाजाच्या नादानं त्यांना काय झाला त मना तोंड दाखवू नको." मामाने मला बाजूला घेतलं. "एकदाच बरोबर गायाचंय मना. सुरुवातीचा वाजवून झाला का मी सुरू करेपर्यंत तू हात लावू नको." मी हो म्हटलं.

नंदाखाल गावच्या वाडीत उन्हं कलत असताना तो माइकपुढे उभा राहिला. सुरुवातीचं संगीत संपलं, मी हात उचलले, ढोलक सुरू झाला. आठ मात्रा झाल्या आणि मंडपातली सगळी माणसं सवयीने गाऊ लागली. मामाने तळहात वर केला. ती कशीबशी गप्प झाली. नऊ... दहा... मामाचे डोळे मिटलेले, ओठ घट्ट, कपाळावर घाम. मामी खुर्चीतून उठली. अकरा... मला वाटलं, हा विसरला. की त्याहून वाईट काही? बाराव्या मात्रेला माझा धीर सुटला आणि मी पहिली ओळ वाजवून टाकली. लोकांनी ती झेलली, शिट्ट्या, नाच, एकच गोंधळ. मामाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तो विसरला नव्हता, मोजत होता.

मग तो त्यांच्याबरोबरच गायला, हसऱ्या चेहऱ्याने. खाली उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुजा बी लाल दिवा लागला का रं?"  माफी मागायला जाईन जाईन म्हणत राहिलो आणि पंधरवड्यात तो गेला.

आता हळदीत ते गाणं आलं, की सोळा मात्रा पुऱ्या होईपर्यंत मी पट्टीला बोट लावत नाही. लोक ओरडतात. गेल्या आठवड्यात विरारला नवरदेवाचा एक मित्र स्टेजवर चढून माझ्या कानात म्हणाला, "काका, चुकताय तुम्ही." मी मान डोलावली आणि मोजत राहिलो.