चौसष्टच्या बॅचमधली आर्डिथ

एकोणीसशे चौसष्टच्या बॅचचं ब्रीदवाक्य आर्डिथ वाव्रिनाने शोधलं, त्या बॅचचा निळा-पांढरा झेंडा तिनेच शिवला, आणि त्या बॅचच्या यादीत तिचं नाव कुठेच नाही. ब्रँट गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, इतकंच.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, मक्याच्या शेतांमध्ये ब्रँटची ती विटांची शाळा उभी होती. हायस्कूलचा एकेक वर्ग म्हणजे दहा-बारा पोरं. लहानपणापासून एकाच बाकावर वाढलेली, त्यामुळे कुणाचं काही लपून राहायचं नाही. नववीत आल्यावर मोठ्या वर्गाने नाकाने कांदा ढकलत व्यायामशाळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायला लावायचं. शरद ऋतूत गवताच्या गाड्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणून, तिच्या भोकाभोकांत रंगीत कागदी रुमाल कोंबून वर्गाचा चित्ररथ करायचा. सामन्यांना केक आणि पॉपकॉर्न विकून शेवटच्या वर्षीच्या सहलीची सोय करायची. अकरावीच्या मुलांनी बारावीच्या मुलांना जेवण घालायचं. आणि शेवटच्या वर्षी वर्गाचा रंग, वर्गाचं फूल आणि वर्गाचं ब्रीदवाक्य ठरवायचं.

आर्डिथला या सगळ्याचं भारी वेड. रुमाल कोंबून कोंबून बोटं सोलवटायची, पण ही बया शेवटपर्यंत गाड्यावरून उतरायची नाही. ब्रीदवाक्य तिने सुचवलं, "डोंगर अजून पुढेच आहेत." घरी सांगितलं तेव्हा तिचे बाबा, एमिल, ताटातून मान वर न करता म्हणाले, "पुढे? पोरी, ब्रँटमधून डोंगर बघायचा तर दिवसभर गाडी हाकावी लागते."

"म्हणूनच तर पुढे म्हटलंय, बाबा," आर्डिथ म्हणाली.

त्याच हिवाळ्यात वर्गातल्या ड्वाइट सँडालशी तिचं जमलं. ड्वाइट उंच, हाडकुळा, बँडमध्ये सगळ्यात मोठं पितळी वाद्य वाजवायचा आणि त्याच्यामागे जवळजवळ दिसेनासा व्हायचा. मनाने सरळ पोरगा. मार्चमध्ये आर्डिथच्या स्कर्टचं बटण लागेना, आणि मग गावात जे व्हायचं ते झालं. आधी तिच्या आईला कळलं, मग चर्चमधल्या बायकांना, आणि मग मुख्याध्यापक ओबर्गसरांना.

सरांनी तिला बोलावलं, स्वतः उठून दार लावलं.

"बस, आर्डिथ. सोमवारपासून तू यायची गरज नाही."

"सर, दोनच महिने राहिलेत."

"म्हणूनच. दोन महिन्यांत दिसायला लागेल. बाकीच्या मुलींचा विचार करायला हवा मला."

आर्डिथने खाली बघत विचारलं, "आणि ड्वाइट?"

ओबर्गसरांना प्रश्नच कळला नाही. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी खरोखर गोंधळून विचारलं, "ड्वाइटचं काय?"

घरी आई म्हणाली, "तोंड वर करून कुठे काही बोलू नकोस. पोरगा लग्न करतोय, तेवढं पुष्कळ आहे." पाद्र्याच्या घरी, मागच्या खोलीत लग्न लागलं. ड्वाइट दुसऱ्या दिवशी शाळेत गेला.

मे महिन्यात शाळेच्या पदवीदानाला आर्डिथ गेली. आई नको म्हणत होती, तरी गेली. उकडत असतानाही अंगात कोट घालून शेवटच्या रांगेत बसली. तिने शिवलेल्या झेंड्याखालून वर्ग एकेक करून आत आला. ओबर्गसरांनी ब्रीदवाक्य वाचून दाखवलं आणि "या वर्गाने निवडलेलं" म्हणाले. प्रथेप्रमाणे प्रत्येक मुलाने वर्गाचं फूल, पिवळा गुलाब, खाली उतरून आपल्या आईला दिला. ड्वाइटनेही दिला. त्याच्या आईने तो छातीशी धरला आणि मागे वळून पाहिलं नाही. त्या उन्हाळ्यात शाळेच्या लांब ओवरीत चौसष्टच्या बॅचची तसबीर लागली. अंडाकृती चौकटींत एकेकाचा फोटो. आर्डिथचा फोटो हिवाळ्यातच काढून झाला होता. तो तिच्या आईकडे घरपोच आला.

त्यांची मुलगी जोलीन जन्मली. दोघं ड्वाइटच्या वडिलांच्या शेतावर राहिली. मका, डुकरं, दिवस उजाडायच्या आत उठणं. संसार वाईट नव्हता. ड्वाइट कधी तिच्यावर आवाज चढवायचा नाही. पण मे महिना आर्डिथला जड जायचा. मेच्या अखेरच्या शनिवारी शाळेत माजी विद्यार्थ्यांचं जेवण असे. जगात कुठेही असलेला ब्रँटचा माणूस त्या दिवशी गावात यायचा. कोंबडी, कुस्करलेले बटाटे, आणि मग हजेरी. एकेका वर्षाचा पुकारा व्हायचा, त्या बॅचची माणसं उठून उभी राहायची, टाळ्या पडायच्या. चौसष्ट म्हटलं की ड्वाइट उठायचा. आर्डिथ त्याच्या शेजारी खुर्चीत बसून टाळ्या वाजवायची. तिच्या छातीवरच्या चिठ्ठीवर "पाहुणी" लिहिलेलं असे.

जोलीन त्याच शाळेत शिकली. तिच्या वर्गाच्या चित्ररथाला रुमाल कोंबायला आर्डिथच सगळ्यात आधी हजर. पदवीदानाला जोलीनने खाली येऊन गुलाब हातात दिला तेव्हा आर्डिथला हुंदका आवरेना.

"आई, अगं लोक बघतायत," जोलीन दातांतल्या दातांत म्हणाली.

"बघू देत."

मग जोलीनही बाकीच्यांसारखी शहरात गेली आणि ओमाहाचीच होऊन राहिली.

चौसष्टच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली त्या वर्षी आर्डिथची जुनी मैत्रीण बॉबी निसेन जेवणाला तिच्या शेजारी बसली. बॉबीचं तोंड म्हणजे फटाक्यांची माळ. "यंदा तू उठायचंस. पंचवीस वर्षं झाली, आता कोण मोजतंय? नाही उठलीस तर मी काखेत हात घालून उठवीन."

पुकारा झाला. ड्वाइट उठला, बॉबी उठली, आणखी तिघं उठली. बॉबीने खरोखरच काखेत हात घातला, आणि आर्डिथ उठली. ती उभी होती. टाळ्या सुरू झाल्या.

हजेरी घ्यायच्या डेल्फीन ऱ्हुस्का, टंकलेखनाच्या जुन्या बाई. कामात चोख. चष्म्यावरून बोटाने मोजत त्या ध्वनिक्षेपकात म्हणाल्या, "चौसष्ट, सहा." मग थांबून, "माफ करा, पाच. आर्डिथ, तू उत्साहाच्या भरात उठलीस गं!"

सभागृह हसलं. त्यात विष नव्हतं. सगळे जेवून खुशीत होते, तसं हसलं. आर्डिथही हसली आणि बसली.

परतताना ड्वाइटने गाडी रस्त्याला लावली. मग ती म्हणाली, "तू पण हसलास."

"सगळेच हसले, आर्डी. बाईंची चेष्टा होती ती."

"तू माझ्याशेजारी उभा राहून हसलास."

ड्वाइट म्हणाला, "इतकं लागत असेल तर पुढच्या वर्षी जायचंच नको."

"जायचं. नाही गेलो तर म्हणतील आर्डिथला राग आलाय."

जोलीन फोनवर म्हणाली, "आई, ती बाहेरून परीक्षा देतात ना, ती दे. राज्याचं प्रमाणपत्र मिळतं. तू सहज पास होशील."

"मी शिकले हे कुणी सांगायला नकोय मला. मला ब्रँटचा कागद हवाय."

"काय फरक पडतो?"

"तुला नाही कळायचं. तुला मिळालाय."

पुढे शेतं मोठी होत गेली आणि घरं कमी. चौघांची जमीन एकजण कसायला लागला, म्हणजे तीन घरांतली पोरं गेली. फुटबॉलला गडी पुरेनात. चित्ररथ बंद झाला. शेवटी शाळा हॅडलीच्या शाळेत विलीन करायचं ठरलं. हॅडली म्हणजे ब्रँटचा पिढीजात वैरी. तिथल्या पोरांशी मारामारी केली नाही असा ब्रँटचा बाप सापडायचा नाही. शेवटची बॅच तिघांची.

बॉबी पुन्हा चवताळून उठली. दारोदार फिरून तिने सह्या गोळा केल्या, आर्डिथ सँडालला शाळा बंद व्हायच्या आत पदवी द्या म्हणून. मार्चमध्ये शाळेच्या मंडळाने एका झटक्यात हो म्हटलं. शेवटच्या जेवणाला, शेवटच्या तिघांबरोबर आर्डिथलाही मंचावर बोलवायचं ठरलं. आर्डिथने निळा पोशाख शिवायला घेतला. ड्वाइट म्हणाला, "अगं, रोज आरशात काय बघतेस?" तेव्हा ती चक्क लाजली.

जेवणाच्या आठवड्यात मंडळाचा अध्यक्ष ट्रॅव्हिस मर्केल अंगणात आला. चर्चच्या रविवारच्या वर्गात आर्डिथनेच त्याला प्रार्थना शिकवली होती. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"आर्डिथकाकू, वकील म्हणतोय आम्हाला आता पदवी द्यायचा अधिकार नाही. विलीनीकरणाला मत दिलं तेव्हाच तो गेला. शेवटच्या तिघांची परवानगी आधी घेतली होती. तुमचं आम्ही... आमच्या लक्षातच आलं नाही हो."

"म्हणजे मार्चमध्ये हो म्हणालात तेव्हाही अधिकार नव्हता?"

"नव्हता, काकू."

"बरं," आर्डिथ म्हणाली. "कॉफी घेतोस?"

ऑगस्टमध्ये बॉबीच्या आग्रहाखातर आर्डिथ आणि ड्वाइट हॅडलीला गेली. नव्या शाळेची मुख्याध्यापिका तरुण होती, मनाने चांगली. तिने सगळं ऐकून घेतलं, तिचे डोळेसुद्धा भरून आले. "सँडालबाई, आम्ही देऊ ना. आमच्या शाळेच्या नावाने. छोटासा समारंभ करू, मुलं येतील."

"मी हॅडलीत एक दिवस शिकले नाही, बाई."

"पण ब्रँटची सगळी परंपरा आता आमच्याकडेच आलीय."

"आली असेल," आर्डिथ म्हणाली आणि पर्स उचलली.

गाडीत ड्वाइट म्हणाला, "घ्यायचा होतास तो कागद."

"तू घेतला असतास, हॅडलीचा?"

त्याने नकारार्थी मान हलवली. ब्रँटच्या धान्यकोठारांचे उंच मनोरे दिसायला लागले तेव्हा एकदम म्हणाला, "मी तेव्हा ओबर्गकडे जायला हवं होतं. ती नाही तर मीही नाही, असं म्हणायला हवं होतं."

अख्ख्या संसारात आर्डिथने या एका वाक्याची वाट पाहिली होती. आता ते आलं, आणि आत काहीच हललं नाही. पीक वाळून गेल्यावर पाऊस पडतो, तसं.

"हो," ती म्हणाली. "हवं होतंस."

शाळा पाडायच्या आधी तसबिरी ज्याच्या त्याला न्यायला सांगितल्या. चौसष्टची ड्वाइट घेऊन आला आणि दारात उभा राहिला. "कुठे लावू?"

"तुला हवी तिथे."

त्याने ती यंत्रांच्या पडवीत, हत्यारांच्या वर लावली. दोन वर्षांनी, मका काढणीच्या ऐन धामधुमीत, तिथेच त्याचं हृदय थांबलं. वर्तमानपत्रात आलं की ड्वाइट सँडाल ब्रँट हायस्कूलच्या चौसष्टच्या बॅचचा होता, आणि त्याच्यामागे पत्नी आर्डिथ आहे.

माजी विद्यार्थ्यांचं जेवण आता चर्चच्या तळघरात होऊ लागलं. माणसं इतकी थोडी की टेबलं जोडावी लागेनात. बॉबी मुलाकडे ॲरिझोनात गेली ती परतलीच नाही. एका मे महिन्यात आर्डिथ एकटी जाऊन बसली. हजेरी घेणारा गृहस्थ नंतरच्या कुठल्याशा बॅचचा, तिला नावानेही न ओळखणारा.

"चौसष्ट?"

कुणी उठलं नाही. शेजारच्या म्हातारीने कोपराने ढोसलं, "अगं, तू आहेस की. ऊठ ना."

आर्डिथला उठता आलं असतं. तिला खाली बसवणारं आता तिथे कुणी उरलं नव्हतं, आणि ती उठली तर त्याचा अर्थ कळणारंही कुणी नव्हतं. तिने हात मांडीवर ठेवले.

"चौसष्टचं कुणी नाही," तो गृहस्थ म्हणाला. "पासष्ट?"

पुढच्या वर्षी जेवण झालंच नाही. शाळेच्या जागेवर गावाने आठवणीचा एक दगड बसवला, भोवती फुलझाडं लावली. सगळ्यात जवळ आर्डिथच राहते म्हणून पाणी घालायचं काम तिच्याकडे आलं. जोलीन फोनवर म्हणायची, "आई, कशाला जातेस तिथे? ये ना इकडे." आर्डिथ म्हणायची, "बघू." पहिला उन्हाळा तिने रोज बादली नेली. दुसऱ्या उन्हाळ्यात गुडघा धरला आणि तिने जाणं सोडलं. झाडं वाळली. कुणी विचारायला आलं नाही.