माणूस आत

हिंगणघाटला रुईच्या गाठी बांधणाऱ्या एका प्रेसमध्ये मी वायरमन होतो. माझा धाकटा भाऊ तिथंच मशीनच्या खोल पेटीत उतरून पायानं रुई तुडवायचा. तो बाहेर आला की झाकण लावून बटन दाबायचं. मग खालून लोखंडी पाट वर चढायचा आणि रुई दाबून तिची घट्ट गाठ करायचा. सगळा कारभार ओरडून चालायचा. दुसऱ्या एका प्रेसमध्ये ओरडणं ऐकू आलं नाही आणि एका माणसाचे दोन्ही पाय गेले. तेव्हापासून भाऊ पेटीत उतरला की मी हातातलं काम सोडून बटनापाशी जाऊन उभा राहायचो.

म्हणून मी रिले, म्हणजे करंटनं आपोआप उघडझाप करणारे स्विच, जोडून एक डबा केला. आधी गोदामाच्या भिंतीवर कोळशानं तीन गोल काढले. 'माणूस आत', 'माणूस बाहेर' आणि 'दाब'. गोलातून गोलात जायला बाण. 'माणूस आत'पासून 'दाब'कडे थेट बाण ठेवलाच नाही. भावानं बाहेर येऊन, झाकण लावून डब्यावरची कळ स्वतः दाबली तरच 'बाहेर', आणि तिथूनच पुढं 'दाब'. आपण कुठल्या गोलात आहोत एवढंच मशीननं ध्यानात ठेवायचं.

पण करंट काय आपल्या बापाचा आहे? तो गेला की रिले सुटतात, मशीन सगळं विसरतं. परत आल्यावर ते कुठल्या गोलात जागं व्हावं? ह्या विचारानं मला जेवण गोड लागेना. शेवटी ठरवलं, काही आठवत नसेल तर माणूस आतच आहे असं धरायचं.

झालं! करंट गेला-आला की झाकण उघडा, आत पाहा, पुन्हा कळ दाबा. सगळे वैतागले. भाऊ तर जास्तच.

"तुह्या डब्याले लय भेव वाटते, दादा. तुह्यावरच गेला."

एक दिवस मॅनेजर तापला. "मशीन जिथं थांबली तिथूनच सुरू झाली पाहिजे. करंट गेला तरी हलणार नाही असा खटका बसवा, नाहीतर उद्यापासून घरी बसा!"

घरी खाणारी तोंडं माझ्या जिवावर. "हो साहेब" म्हटलं. संध्याकाळी खटका बसवला. लगेच काढला. नोकरी आठवली, पुन्हा बसवला. भावाचे पाय डोळ्यांसमोर आले, पुन्हा डबा उघडला. सकाळी मॅनेजरला सांगून टाकलं, "झालं."

थंडीचे दिवस होते. पेटी भरलेली, झाकण लावलेलं, 'माणूस बाहेर'चा हिरवा दिवा लागलेला, आणि करंट गेला. सगळे बाहेर उन्हात जाऊन बसले.

करंट आला तेव्हा मॅनेजर बटनापाशीच उभा होता. मी भावाला शोधलं. उन्हात नव्हता, नळावर नव्हता. बाहेर आला की तो आधी चपला घालायचा. चपला पेटीच्या शिडीखाली होत्या.

मी ओरडलो, पण करंटबरोबर सुरू झालेल्या मोटारींच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मॅनेजरचं बोट बटनाकडे गेलं. आणि देवा रे, शेवटी मी खटका ठेवला की काढला, तेच मला आठवेना!

त्यानं बटन दाबलं. पाट हलला नाही. पुन्हा दाबलं. 'माणूस आत'चा लाल दिवा तसाच.

"खटका बसवला म्हणता ना?" तो खेकसला.

मी शिडी चढलो, झाकण ओढलं. थंडी वाजते म्हणून भाऊ आतून झाकण ओढून घेऊन रुईत गळ्यापर्यंत शिरून गाढ झोपला होता. मॅनेजरनं वर येऊन ते पाहिलं आणि खाली उतरून तो बटनापासून लांब जाऊन उभा राहिला.

भावानं डोळे चोळले, लाल दिव्याकडे पाहिलं. "अजून सुरू नाई झाली? भित्री कुठली! तुले सांगून राह्यलो ना, फेकून दे तो डबा."

तो शिडीवरून उतरला. मी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली आणि तिथंच खाली बसून त्याचे रुईनं भरलेले दोन्ही पाय घट्ट धरले.

"दादा, काऊन माहे पाय धरून राह्यला? सोड ना, मले पाप लागन!"

मी सोडले नाहीत.