चौबळबाई आणि पहिला कागद

चौबळ वकीलबाईंसमोर जाऊन बसलं, तरी त्या आधी माणसाकडे बघायच्याच नाहीत. "काय झालं?" असंही विचारायच्या नाहीत. "कागद काढा सगळे," एवढंच. मग आपल्या पिशवीतून निघालेला ढीग त्या टेबलावर पसरायच्या, तारखेप्रमाणे लावायच्या, त्यातला सगळ्यांत जुना कागद उचलायच्या आणि बाकीचे आपल्याकडे परत सरकवायच्या. मध्येच आपण गोष्ट सुरू केली तर त्यांचा तळहात वर यायचा. "गोष्ट नंतर. पहिला कागद लिहिताना माणसं घाबरलेली असतात, म्हणून खरं बोलतात. दुसऱ्या कागदापासून शहाणी होतात."

त्यांचं ऑफिस कल्याणला, एका पिठाच्या गिरणीच्या वर. जिना चढेपर्यंत चपलांना पीठ लागायचं. गिरणी सुरू झाली की बाईंचा आवाज चढायचा आणि ती थांबली तरी तो उतरायचा नाही, त्यामुळे अशिलाची गुपितं खाली दळण घेऊन उभ्या असलेल्या बायकांनाही कळायची. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंगकाठी बारीक, केसांचा घट्ट अंबाडा, आणि काळ्या कोटाच्या खिशात कायम आलेपाकाच्या वड्या. चाळीस वर्षं त्यांनी एकाच प्रकारची कामं केली, रस्त्यावरच्या अपघातांची. घटस्फोट नको, जमिनी नकोत. "भाऊ भाऊ भांडतात ते मला बघवत नाही," म्हणायच्या. आणि नेमकं आमचं प्रकरण घरातलंच निघालं.

माझा धाकटा भाऊ प्रशांत मानपाड्याच्या एका कारखान्यात फिटर. सकाळच्या पाळीला स्कूटरवरून जाताना शिळ रस्त्याच्या वळणावर त्याला एका डंपरने उडवलं. उजव्या मांडीच्या हाडाचे दोन तुकडे झाले. डंपर कोणाचा होता हे आम्हाला त्याच दिवशी दुपारी कळलं. तो माझ्या मोठ्या दिरांचा होता.

आता माझ्या माहेरची आणि सासरची माणसं कशी आहेत ते सांगायला हवं. दोन्हीकडे आम्ही इथलेच. बाबांनी तरुणपणी मिठागरात काम केलं, नंतर जमिनीला भाव आला, चाळ बांधली, भाडी आली. सासरी भाऊजींचे, म्हणजे या मोठ्या दिरांचे, दोन डंपर. आमच्याकडे सोयरीक म्हणजे दगडावरची रेघ. सोयऱ्यावर पोलीस केस करायची म्हणजे आपल्याच ताटात माती कालवायची. भाऊजी हॉस्पिटलात आले, खाली मान घालून बाबांना म्हणाले, "काका, खर्च समदा माजा. पन गाडीचा नंबर नका देव. गाडी अडकंल, ड्रायवर आत जाईल." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी त्यांच्या घरात नांदते आहे, एवढाच विचार त्यांनी केला. पोलिसांना जबाब दिला, "अनोळखी ट्रकने ठोकर मारली." कोणी कोणाला फसवलं असं तेव्हा वाटलंच नाही. उलट सगळ्यांना वाटलं, किती समजूतदारपणे निभावलं!

पहिल्या ऑपरेशनचा खर्च भाऊजींनी केला, शब्द पाळला. पण हाड जुळेना. डॉक्टर म्हणाले, रॉड बदलावा लागेल, पुन्हा चिरफाड, आणि ते वेळेत झालं नाही तर पाय आखूड राहील, फिटरचं उभ्याने करायचं काम विसरा. तोवर भाऊजींचा एक डंपर बंद पडलेला आणि फोन उचलणं कमी झालेलं. प्रशांत सत्तावीस वर्षांचा. खाटेवर पडून छताकडे बघत राहायचा, आणि मी सासरी गेले की घास माझ्या तोंडात फिरायचा. तेव्हा शाळेतल्या माझ्या एका सहकारी बाईंनी चौबळबाईंचा पत्ता दिला. अपघाताला चार महिने झाले होते.

मी कागदांची पिशवी घेऊन गेले. बाईंनी ढीग लावला, खालून एक चुरगळलेला केसपेपर काढला आणि चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरला. डॉक्टरांचं अक्षर होतं, आम्ही कोणी ते कधी वाचायचा प्रयत्नही केला नव्हता. मी तोंडपाठ केलेलं वाक्य म्हणाले, "अनोळखी ट्रक होता, मॅडम."

"असं?" बाई म्हणाल्या. "मग तुमच्या दिरांचा ट्रक कुठला?"

माझ्या पायाखालचं पीठ सरकलं म्हणायला हरकत नाही. प्रशांत अर्धवट शुद्धीत असताना डॉक्टरांनी कसं लागलं विचारलं होतं, आणि त्याने गाडी ओळखली होती म्हणून जे खरं ते सांगितलं होतं. डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, बहिणीच्या दिराच्या डंपरची धडक. ते वाक्य चार महिने आमच्याच पिशवीत होतं. मला रडू फुटलं. बाईंनी आलेपाकाची वडी पुढे केली. "रडा, पण इथेच रडून घ्या. कोर्टात पुराव्याच्या प्रत्येक कागदावर निशाणी नंबर पडतो. रडण्यावर पडत नाही."

मग त्यांनी रस्ते सांगितले. भाजीवाली वाटे दाखवते तसे, एकेक पुढे ठेवून. ट्रक खरंच सापडला नसता तर सरकारी निधीतून ठरावीक रक्कम मिळाली असती, तहसील कचेरीतून, पण ती एवढीशी, त्यात रॉडसुद्धा येणार नाही. ट्रक माहीत असेल तर अपघात न्यायाधिकरणात दावा, ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी तिघांवर. कोणाची चूक हे न ठरवताही एक ठरावीक भरपाई मागता येते, पण ती घेतली की तेवढ्यावर गप्प बसायचं. चूक सिद्ध करायची तयारी असेल तर पुढचा खर्च, बुडालेली कमाई, अधू झालेला पाय, सगळं मागता येतं. पोलिसांचा खटला वेगळा, तो आपल्या हातात नाही. "आणि दावा लावायची मुदत सहा महिन्यांची. तुम्ही चार महिने सोयरीक सांभाळलीत. उरले दोन."

"पण मॅडम, घरावर केस कशी करायची?"

"घरावर कुठे? नाव मालकाचं लिहायचं, देणार विमा कंपनी. कागद नीट असतील तर. तुमच्या दिरांना इथे पाठवा. मी सामनेवाल्याच्या दारात जात नाही, पण माझ्या दारात आला तर चहा देते."

मी घरी हे कसं सांगितलं ते मलाच माहीत. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "दादाला मी सांगतो. तू मध्ये पडू नको." भाऊजी त्याच संध्याकाळी कल्याणला गेले, पत्ता दाखवायला मला सोबत घेऊन, रागाने फुरफुरत. जिन्यावरूनच आवाज सुरू. "आपल्याच मानसावर केस टाकताव? लाज नाय वाटत?"

बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. "मी तुमची वकील नाही, हे आधी ऐका. मी प्रशांतची. तुम्हाला सल्ला हवा तर दुसरा वकील करा. मी फक्त एक विचारते. डंपरचा विमा दरवर्षी भरता?"

"भरतो ना. लेट नाय एक दिस."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हंजे? आरटीओनं पकडू नये म्हनून."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही पावती विकत घेतलीत," बाई म्हणाल्या, "विमा घेतलाच नाहीत. ज्या दिवसासाठी घ्यायचा तो दिवस आला आणि तुम्ही तो लपवून ठेवला."

बाईंनी ड्रायव्हरचं लायसन्स विचारलं. होतं. फिटनेस, परवाना? होते. खाली गिरणी थांबली होती. "ड्रायव्हरवर खटला होईल, ते मी टाळू शकत नाही आणि टाळणारही नाही. गाडी पोलीस तपासायला नेतील, मग अर्ज करून सोडवता येते. जबाब बदलला म्हणून पोलीस सगळ्यांना चार शब्द सुनावतील, ते ऐकून घ्यायचे. आता सांगा, लपवताय काय?"

भाऊजींनी बशीत चहा ओतला आणि प्यायलेच नाहीत. मग म्हणाले, "प्रशांतसमोर जायाची लाज वाटतं, मॅडम. ड्रायवरनं फोन केल्ता मना. पोरगा रस्त्यावर व्हता आनि मी त्याला बोललू, गाडी घेवन नीघ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या माणसावर मी चार महिने मनातल्या मनात दात खात होते, आणि त्या क्षणी मला त्यांची इतकी दया आली की मीच बशी उचलून त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी, बाबा आणि मी पोलीस स्टेशनला गेलो. साहेबांनी बाबांना अर्धा तास उभं करून सुनावलं, बाबांनी ते गुमान ऐकलं. पुरवणी जबाब झाला. दावा मुदतीच्या अकरा दिवस आधी ठाण्याला दाखल झाला. रॉडसाठी मात्र आम्ही निकालाची वाट पाहिली नाही. बाबांनी बँकेतली ठेव मोडली आणि ऑपरेशन वेळेत झालं. तो निर्णयही बाईंचाच. "कोर्टाला घाई नसते. हाडाला असते."

खरी कसोटी पुढे होती. विमा कंपनीचे वकील म्हणाले, हा बनाव आहे. नात्यातला ट्रक मागाहून घुसवला आहे, असं नेहमी होतं. आणि खरंच नेहमी होतं, त्यामुळे त्यांच्यावरही रागावता येईना. बाबा साक्षीला उभे राहिले. पांढरा सदरा, हात कठड्यावर. वकिलांनी विचारलं, "जावयाच्या भावाचा ट्रक तुम्हाला साडेचार महिन्यांनी आठवला?"

आदल्या दिवशी बाईंनी बाबांना काय पढवलं असेल असं वाटतं? काहीच नाही. बाबांनी विचारलं होतं, "काय बोलू?" तर म्हणाल्या, "जे झालं ते. मला पाठ केलेली साक्ष ओळखता येते, तर न्यायाधीशांना येणार नाही?"

बाबा म्हणाले, "आठवला नव्हता, साहेब. लपवला व्हता. पोर त्यांच्या घरात हाय. खोटा बोललू ती माजी चूक. त्याची शिक्षा मना द्या, पोराला नको."

मग बाईंनी हॉस्पिटलच्या रेकॉर्डवाल्याला बोलावून मूळ केसपेपर दाखल करवला. अपघाताच्याच सकाळचा, डॉक्टरांच्या हातचा. त्यावर निशाणी नंबर पडला. न्यायाधीशांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि विमा कंपनीच्या वकिलांकडे दिला. पुढच्या तारखेला कंपनीने स्वतःहून लोकअदालतीत तडजोडीची तयारी दाखवली. बाईंनी तिथेही घासाघीस केली, आणि जे ठरलं त्यात बाबांची ठेव भरून निघाली आणि प्रशांतच्या पुढच्या वर्षांची सोय झाली. सही झाल्यावर मी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसले, आणि किती महिन्यांनी कोण जाणे, पोटभर श्वास घेतला. भाऊजी बाईंच्या पाया पडायला वाकले तर त्या मागे सरकल्या. "अहो, तुम्ही सामनेवाले क्रमांक दोन! लोक काय म्हणतील!" पण आलेपाकाची वडी त्यांनाही दिली.

प्रशांतचा पाय अर्धा सेंटिमीटर आखूड राहिला. बुटात जाड तळ घालतो, तरी जिन्यावर अजून कण्हतो, पण कारखान्यात उभा राहतो, आणि स्वतःच्या लग्नातही नाचला.

बाई गेल्या त्याला आता दीड वर्ष होत आलं. हिवाळ्यात न्यूमोनिया झाला, आठ दिवसांत संपलं. स्मशानात गर्दी वकिलांची कमी आणि अशिलांची जास्त होती, काठ्या घेतलेले, कुबड्या घेतलेले, आणि दोघे-तिघे ड्रायव्हरसुद्धा. मला वाईट वाटलं, फार वाटलं, पण त्याबरोबर एक समाधानही होतं, त्यांनी आमचं घर तुटू दिलं नाही याचं. न्याय मिळवून देणारे वकील पुष्कळ असतील. दोन्ही बाजूंना एकाच पंगतीला पुन्हा बसता येईल असा न्याय मिळवून देणारी मी ही एकच पाहिली.

गेल्या महिन्यात भाऊजींच्या दुसऱ्या डंपरने मानपाडा नाक्याजवळ एका सायकलवाल्याला धक्का दिला. ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे जेवत होतो. भाऊजी उष्ट्या हातानेच उठले. "गाडी हलवू नको. त्याला रिक्षात घाल, मी येतू," असं फोनवर ओरडले. नवरा आणि मी मागोमाग हॉस्पिटलला पोचलो. सायकलवाल्याचा हात मोडला होता, बाकी ठीक होता, शुद्धीवर होता. कॅज्युअल्टीत तरुण डॉक्टर केसपेपर लिहायला बसली होती आणि तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "कुठली गाडी होती? नंबर माहीत आहे का कोणाला?"

सायकलवाल्याने मान हलवली. त्याला नव्हता माहीत.

भाऊजी पुढे झाले आणि टेबलावर हात ठेवून उभे राहिले. "लिवा," ते म्हणाले, "गाडी माजी हाय. नंबर सांगतू."